धार, पाठ आणि पाणी

सफरचंद कापताना ‘टच्’ असा आवाज आला, तर ते कापलं गेलेलं नसतं, तडकलेलं असतं. माझा पहिला घडीचा चाकू असाच होता. हातावरचे केस काढेल अशी धार, पण अर्ध्यावर पोचला की फळ उकलायचं. धारेत खोट नव्हती. पातं पाठीला चार मिलिमीटर जाड होतं आणि धारेकडे येतानाही फारसं उतरत नव्हतं. धार आत शिरायची, मागून पाचर यायची. चाकू घेताना लोक पोलादाचं नाव विचारतात. मी आधी पातं टोकाकडून डोळ्यासमोर धरून ते किती उतरतं ते बघतो. रोज खिशात बाळगायच्या चाकूला अडीच मिलिमीटरची पाठ भरपूर झाली.

धार म्हणजे दोन उतार भेटतात ती कड. समजा ती 1 मायक्रॉन रुंद आहे, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा-शंभरावा भाग. पात्याच्या 5 सेंटिमीटरवर 1 किलो वजनाइतका जोर दिला, तर कडेखाली हवेच्या दाबाच्या जवळपास 2000 पट दाब पडतो. कड झिजून 10 मायक्रॉन झाली की तोच 200 पटीवर येतो. मग आपण जोर वाढवतो, आणि सगळा भार टाकलेला हात सटकला की आवरत नाही. बोथट चाकू हाताला जास्त कापतो म्हणतात ते उगीच नाही. नुसतं दाबण्यापेक्षा पातं ओढत कापलं तर जोर कमी लागतो. जाड दोरीवर हा फरक लगेच कळतो.

आता पोलाद. तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडाच्या रचनेत विरघळतो. लोहार ‘पाणी देतो’ म्हणजे ते झटकन थंड करतो. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि रचना ताणली जाते. या ताणलेल्या रूपाला मार्टेन्साइट म्हणतात. ते कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून पातं पुन्हा मंद तापवून तो कठीणपणा थोडा उतरवावा लागतो. खिशातल्या चाकूंचा कठीणपणा रॉकवेल मापावर साधारण 55 ते 62 असतो. 55 ची धार लवकर मुरडते, पण चार हातांत परत येते. 62 ची टिकते खूप, मात्र तिरका ताण बसला की टवका उडतो. मी खालच्या बाजूचा माणूस आहे.

स्टेनलेसचंही एक गुपित आहे. क्रोमियम साधारण 10.5 टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि गंज थांबतो. पण डी-2 नावाच्या पोलादात 12 टक्के क्रोमियम असूनही ते डागाळतं, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडी करून अडकून बसलेलं असतं. मिठाने तर चांगला थरही फुटतो, तेव्हा पातं पुसून ठेवावं.

मऊ वस्तूंनी धार जात नाही, असं वाटतं ना? 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाढीच्या पात्यावर केसाचा मारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी तो वाकून कडेवर तिरका रेटला की बारीक टवके निघत होते.

उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या कुलपाबद्दल थोडक्यात. कुलपाशिवाय, नुसत्या मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगवर उघडा राहणारा चाकू कापायला उत्तम, टोचायला नाही. पट्ट्याला टोकाने भोक पाडताना तो माझ्या बोटावर मिटला होता. व्रण अजून आहे. ओपिनेल या फ्रेंच चाकू कंपनीने 1955 मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवली, तितकी साधी सोयही पुरते.

धार लावायला दगड कुठलाही घ्या, पण दर बाजूला 15 ते 20 अंशांचा एकच कोन सांभाळा. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची झालर उठते. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच नेला, की कडेशी ती बोटाला खुटते. ती टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदला. शेवटी ही झालर अगदी हलक्या हाताने काढायची. राहिली, तर चाकू पहिला कागद सुरेख कापतो आणि दुसऱ्याला अडतो.