रिड्यूसरवरचा बर्फ

डिसेंबरातली सकाळ, सव्वासहाची वेळ. संत्र्याच्या आंबिया बहाराची शेवटची तोड नागपुरात कळमन्याच्या बाजारात न्यायची म्हणून माझा मावसभाऊ त्याची जुनी गॅसवरची व्हॅन घेऊन निघाला आणि कळमेश्वर सोडून जेमतेम सहा किलोमीटरवर गाडी बंद पडली. हे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा होत होतं. पेट्रोलवर एका सेल्फात सुरू व्हायची, गॅसवर टाकली की थोडा वेळ छान चालायची, मग झटके खायची आणि थांबायची. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू! तोवर त्याने प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती, फिल्टर बदलला होता. गॅसमध्येच भेसळ आहे, असंही कुणीतरी सांगितलं होतं.

आम्ही गाडी कशीबशी गिट्टीखदानातल्या एका मेकॅनिककडे आणली. त्याने पाना हातात घेतलाच नाही. सीट उचलली, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. "सर, हे पाहा." गॅस किटचा रिड्यूसर, म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी अ‍ॅल्युमिनियमची डबी, पांढऱ्या बर्फाने माखली होती. बाहेर नऊ अंश तापमान आणि चालत्या इंजिनाशेजारी बर्फ! "गॅस तं पोहोचून राहिला," तो म्हणाला, "पण त्याले गरमी नाही भेटून राहिली."

मी पॉलिटेक्निकात वर्षानुवर्षं उष्मागतिकी शिकवली. त्या विषयाचा एक अख्खा धडा या माणसाने एका वाक्यात सांगितला, आणि तोच मला इथे उलगडून सांगायचा आहे.

टाकीतला एलपीजी वायू नसतो, द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात कोंडलेलं असतं. दाब काढला तर प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळू लागतो, ब्युटेन शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली. इंजिनाला मात्र वायूच हवा. म्हणून टाकीतून द्रव निघतो, पाइपातून रिड्यूसरमध्ये येतो, तिथे त्याचा दाब एकदम उतरवला जातो आणि तो उकळून वायू होतो. उकळायला उष्णता लागते. चुलीवरच्या पातेल्याला ती जाळातून मिळते, रिड्यूसरमधल्या गॅसला कुठून मिळणार? तो ती भोवतालच्या धातूकडून ओढून घेतो.

नागपूरकराला हे वेगळं सांगायची गरज नाही. मे महिन्यात कूलरच्या ओल्या पॅडमधून गार वारा येतो, माठातलं पाणी थंड होतं, ते याच कारणाने. पाण्याची वाफ होताना आजूबाजूची उष्णता जाते. फरक इतकाच की पाणी हे काम उन्हाळ्याच्या तापमानाला करतं, आणि एलपीजी शून्याच्या कितीतरी खाली गेल्यावरही करतच राहतो. म्हणून माठ गार होतो आणि रिड्यूसर गोठतो. लग्नाच्या पंगतीत मोठ्या भट्टीला लावलेला सिलिंडर घामेजतो, कधी त्यावर बर्फ धरतो आणि आचारी त्याला पाण्याच्या टपात उभा करतो. तिथेही गोष्ट हीच आहे.

एक किलो एलपीजीचा वायू करायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भाराखाली तासाला नऊ-दहा किलो गॅस पिईल, असं धरू. म्हणजे सतत जवळपास एक किलोवॉट उष्णता हवी. आंघोळीच्या बादलीत सोडायचा रॉड तेवढी उष्णता देतो. हे ऐकायला खूप वाटतं, पण तोच एक किलो गॅस जळताना याच्या सव्वाशे पटींहून जास्त ऊर्जा देतो. त्यातली बरीचशी रेडिएटरच्या पाण्यातून वाया जाते. त्या गरम पाण्याचा एक फाटा रिड्यूसरमधून फिरवला की काम भागलं. बहुतेक गॅस किटमध्ये हीच योजना असते.

आता अडचण उरते ती पहिल्या काही मिनिटांची. थंड इंजिनात गरम पाणी कुठलं? आपल्या गाड्या म्हणूनच पेट्रोलवर सुरू होतात आणि थोडं तापल्यावर गॅसवर जातात. पण पेट्रोल नसेलच तर? याचं फार सुंदर उत्तर अमेरिकेतल्या जुन्या ट्रॅक्टरांत सापडतं. तिथे १९४१ मध्ये मिनियापोलिस-मोलाइन कंपनीने कारखान्यातूनच एलपीजीवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला आणि १९५० च्या दशकात जॉन डिअर, इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीही तसे ट्रॅक्टर विकले. तेलविहिरींच्या मुलखात हा वायू स्वस्तात मिळे. या ट्रॅक्टरांच्या टाकीला दोन वेगळे व्हॉल्व्ह असत: एक टाकीच्या माथ्यावर साठलेला वायू देणारा, दुसरा तळचा द्रव देणारा. सकाळी वायूच्या व्हॉल्व्हवर ट्रॅक्टर सुरू करायचा, पाणी तापेपर्यंत थांबायचं आणि मगच द्रवाचा व्हॉल्व्ह उघडायचा. कायम वायूवरच का चालवू नये? कारण मग उष्णता टाकीतल्या द्रवातूनच जाते, टाकी गार पडते, दाब उतरतो आणि नांगर मातीत असतानाच इंजिनाचा जोर जातो.

घाईत थेट द्रवावर सुरू केलेल्या ट्रॅक्टरची गत आमच्या व्हॅनसारखीच होई. आणि द्रवाचा व्हॉल्व्ह हळूच उघडावा लागे. त्यात एक जास्तीची सुरक्षा-झडप असते. पाइप तुटून गॅस भसकन सुटला तर ती आपोआप बंद होते. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर त्या झडपेला वाटतं पाइपच फुटला आणि ती मिटते. मग टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा, आणि इंजिनाला थेंब नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा सावकाश उघडायचा. आजही अशा टाकीवर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचे ट्रॅक्टर डिझेलचे. डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटतं, प्रोपेन तसा पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. त्यामुळे डिझेल ट्रॅक्टरला टाकी जोडून काम होत नाही, इंजिनातच बदल करावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींनी सादर केलेला डिझेलवरून बदललेला ट्रॅक्टर सीएनजीचा होता. सीएनजी टाकीतही वायूच असतो, त्यामुळे त्याचं गणित निराळं.

बिघाड शोधताना सगळ्यात आधी पाहावं ते बर्फ किंवा दव नेमकं कुठे धरलंय. द्रवाचा वायू जिथे होतो तिथेच धातू गोठतो, त्यामुळे बर्फ म्हणजे दाब कुठे उतरतोय याचा नकाशाच. फिल्टरवर दव धरलं असेल तर फिल्टर चोंदलाय: द्रव त्या अरुंद जागेतून जाताना तिथेच उकळू लागलाय. टाकीच्या व्हॉल्व्हवर धरलं तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा झडप नीट उघडलेली नाही. कुठेच गारवा नाही आणि इंजिन सुरू होत नाही, तर गॅस रिड्यूसरपर्यंत येतच नाही: सोलेनॉइडला, म्हणजे गॅस सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेला, करंट मिळतोय का ते बघा. जुन्या ट्रॅक्टरात हे काम इंजिनाच्या ओढीने उघडणारी झडप करायची. तिची रबरी नळी चिरली की संपलं. आणि बर्फ रिड्यूसरवरच असेल, तर गॅस ठीक आहे, पाण्याकडे बघा.

आमच्या मेकॅनिकने तेच केलं. रिड्यूसरला पाण्याच्या दोन नळ्या असतात, एक येणारी, एक जाणारी. इंजिन तापल्यावर दोन्ही हाताला गरम लागायला हव्यात. आमच्या दोन्ही गारठलेल्या. रेडिएटरचं झाकण, अर्थात इंजिन थंड झाल्यावर, उघडलं तर पाणी चार बोटं खाली. रिड्यूसर बसवलेला त्या पातळीच्याही वर. म्हणजे पाणी थोडं कमी झालं की रिड्यूसरमधलं सगळ्यात आधी जाणार आणि जागा हवा घेणार. त्यात कूलंटऐवजी मावसभाऊ विहिरीचं पाणी भरायचा. नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने निम्मी बुजली होती.

मग गाडी बंद का पडायची? गॅस कमी पडून नव्हे, जास्त होऊन. न उकळलेला द्रव तसाच पुढे, गॅस आणि हवा एकत्र करणाऱ्या मिक्सरपर्यंत जायचा. एका थेंबाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. एक भाग वायूला चोवीस ते तीस भाग हवा हे प्रमाण इंजिनाला हवं, ते पार बिघडायचं आणि इंजिन गुदमरायचं. म्हणून प्लग काळे निघायचे, आणि म्हणून ते बदलले जायचे. पंधरा मिनिटांत बाहेरच्या हवेने बर्फ वितळायचा, गाडी पुन्हा चालायची.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते याने: हा बिघाड डिसेंबरचा नव्हताच. पाणी बहुधा उन्हाळ्यापासूनच कमी होतं. पण मे महिन्यात बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांची. रिड्यूसरला लागणारी उष्णता फुकट मिळत होती. नागपूरच्या उन्हाने सहा महिने दोष झाकून ठेवला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गोठलेला रिड्यूसर कुणीही, कधीही जाळाने तापवू नये. कोमट पाणी ओतावं. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचतो. वास आला तर खड्ड्यात उतरू नये, दिव्याचं बटणही दाबू नये. गळती साबणाच्या पाण्यानेच शोधावी. आणि घरगुती सिलिंडर गाडीला जोडण्याचा विचारही करू नये. गाडीची टाकी ऐंशी टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवते, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. अशा टाक्यांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. टाकीवर मान्यतेचा शिक्का आणि तपासणीची तारीख आहे का, एवढं तरी प्रत्येकाने पाहावं.

मेकॅनिकने रिड्यूसर वीतभर खाली बसवला, नळ्या बदलल्या, कूलंट भरलं आणि हवा काढली. रिड्यूसरच्या तळाचा बोल्ट सैल केला तर चमचाभर काळं, चिकट तेल गळलं. गॅससोबत येणारे जड घटक तिथे साठतात, रिड्यूसरच्या आतल्या पडद्याचं रबर कडक करतात. तेही साफ झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम मावसभावासोबत गेलो. गॅसवर टाकल्यावर रिड्यूसरवर आधी पातळ दव धरलं. फेटरीजवळ थांबून सीट उचलली तेव्हा तो कोरडा होता, आणि दोन्ही नळ्या हात ठेववणार नाही इतक्या गरम.