टेबलावरच्या आवक-जावकाचं गणित

सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या कागदावर तारीख पडते, गेलेल्यावरही पडते. वेळेच्या नियोजनाबद्दल बोलताना लोक ॲप सुचवतात, पहाटे पाचला उठायला सांगतात; ही नोंदवही मात्र कुणाला आठवत नाही. संध्याकाळी सहाला निघायचं ठरवून आठ का वाजतात, याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्यातच सापडतं.

गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 मध्ये त्याची सुरुवात केली. फोन कधी येईल आणि किती वेळ चालेल हे आधी कळत नाही, मग लाइन किती ठेवायच्या, हा तिथला प्रश्न. त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्याचा एक निष्कर्ष आपल्या अंदाजाला साफ चकवतो.

समजा, एका कामाला सरासरी 20 मिनिटं लागतात. कामं कधीही येतात, काही छोटी, काही लांबलचक. तुमचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर नव्या कामाला हात लागेपर्यंत सरासरी 20 मिनिटं जातात. वेळ 80 टक्के भरला की हीच प्रतीक्षा 80 मिनिटांची होते. 90 टक्क्यांना तीन तास. 95 टक्क्यांना 6 तास 20 मिनिटं, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. सूत्र सोपं आहे: भरलेल्या वेळेला रिकाम्या वेळेने भागा आणि एका कामाच्या वेळेने गुणा. 80 भागिले 20 म्हणजे चौपट, 90 भागिले 10 म्हणजे नऊपट. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत काम थोडंसंच वाढतं, पण रांग दुप्पट होते. काठोकाठ भरलेल्या दिवसात दुपारी एक काम अर्धा तास लांबलं, तर तो अर्धा तास भरून काढायला जागाच नसते. तो संध्याकाळच्या अंगावर येतो.

म्हणून आठ तासांच्या, म्हणजे 480 मिनिटांच्या दिवसात 80 टक्के, म्हणजे 384 मिनिटांचीच कामं आधीपासून लावावीत आणि 96 मिनिटं मोकळी सोडावीत. कामं फारच बेभरवशाची असतील तर त्याहून जास्त. ही मोकळी वेळ दोन तुकड्यांत ठेवली तर बरं, एक जेवणाआधी आणि एक चारनंतर. सकाळचा खोळंबा मग दुपारपर्यंत ओढला जात नाही. बिघडतं ते असं: कॅलेंडरवर रिकामी दिसणारी जागा कुणीतरी मीटिंग टाकून भरतो, आणि बरेचदा तो कुणीतरी आपणच असतो. त्या जागेवर ‘राखीव’ असं स्पष्ट लिहून ठेवावं.

रांग लांबण्याचं दुसरं कारण अनियमितपणा. जॉन किंगमन यांनी 1961 मध्ये दिलेल्या अंदाजी सूत्रात येणाऱ्या कामांचा अनियमितपणा आणि प्रत्येक कामाला लागणाऱ्या वेळेतला अनियमितपणा, दोन्ही मोजले जातात. कामं तितकीच, भारही 90 टक्केच, पण येण्याच्या वेळा बांधून दिल्या तर नऊपट प्रतीक्षा साधारण साडेचारपटीवर येते. दवाखान्यात सगळे एकदम येऊन टोकन घेतात तेव्हा आणि ठरावीक वेळ घेऊन येतात तेव्हा बाकावरच्या गर्दीत दिसणारा फरक हाच. टेबलावर हे करायचं तर ईमेल साडेदहा, दीड आणि साडेचार अशा तीनच वेळी पाहावेत. याची किंमतही मोजावी लागते: तीन-तीन तासांच्या अंतरामुळे प्रत्येक मेल सरासरी दीड तास पडून राहतो. ज्यांना पंधरा मिनिटांत उत्तर हवं असतं त्यांना फोन करायला सांगावं, नाहीतर ही पद्धत दोन दिवसांत मोडते.

आता नोंदवहीकडे. आठवडाभर एका कागदावर चार रकाने ठेवा: काम, आलं कधी, हातात घेतलं कधी, संपलं कधी. शुक्रवारी दोन आकडे काढा. न संपलेली एकूण किती कामं अंगावर आहेत, आणि दिवसाला सरासरी किती संपतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. 24 कामं अंगावर आहेत आणि दिवसाला 6 संपतात, तर काम आल्यापासून संपेपर्यंत सरासरी चार दिवस जातात. कुणी ‘उद्यापर्यंत देतो’ म्हणालं तरी हिशोब बदलत नाही. हा नियम जॉन लिटल यांनी 1961 मध्येच सिद्ध केला. आवक आणि जावक दीर्घकाळात सारखी असेल तर तो कुठल्याही रांगेला लागू पडतो. चार दिवसांचे दोन करायचे असतील तर दुप्पट वेगाने काम करा, किंवा अंगावरची कामं 12 वर आणा. पहिला मार्ग बहुतेकांच्या हातात नसतो. दुसऱ्यासाठी काही कामांना नाही म्हणावं लागतं, काही परत पाठवावी लागतात.

एकाच वेळी सगळ्यांना थोडं थोडं खूश ठेवण्याची सवय इथे फार महागात पडते. तासाभराची तीन कामं घ्या. एकापाठोपाठ केली तर ती 60, 120 आणि 180 व्या मिनिटाला संपतात. वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून केली तर 140, 160 आणि 180 ला. शेवटच्याला काहीच फायदा नाही आणि आधीच्या दोघांचं नुकसान. यात मेंदूचा रूळ बदलण्याचा खर्च धरलेलाच नाही. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी 1995 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की काम बदलायला तयारीचा वेळ दिला तरी हा खर्च पुरता जात नाही. सोफी लरॉय यांच्या 2009 च्या अभ्यासात अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातलं लक्ष खाताना दिसलं.

एकापाठोपाठ करायची, पण कुठलं आधी? 90, 30 आणि 10 मिनिटांची कामं याच क्रमाने केली तर संपण्याची सरासरी वेळ 113 मिनिटं. छोटं आधी घेतलं तर 60. सगळं मिळून 130 मिनिटंच लागतात, पण दोन माणसं लवकर मोकळी होतात. धोका असा की छोट्यांच्या गर्दीत मोठं काम कायमचं मागे पडतं. त्यावर तोड म्हणजे महत्त्वाला 1 ते 5 गुण द्यायचे, त्यांना लागणाऱ्या वेळेने भागायचं आणि मोठं उत्तर आधी घ्यायचं. तरीही एखादं मोठं काम हलत नसेल, तर त्याचे 30-30 मिनिटांचे खरोखर पूर्ण होणारे तुकडे पाडावेत. ‘अहवाल’ हा तुकडा नव्हे, ‘अहवालातला खर्चाचा तक्ता’ हा तुकडा.

स्वयंपाकघरात एक गोष्ट वेगळी असते: कुकर आपलं आपण शिजवत असतो. म्हणून आधी कुकर लावायचा आणि मग कणीक मळायची. टेबलावरही दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबावं लागणारी कामं सकाळी पहिल्यांदा मार्गी लावावीत, म्हणजे त्यांची शिट्टी होईपर्यंत आपले हात बाकीच्या कामांना मोकळे राहतात.

राहिली सुटण्याची वेळ. बँकेत ग्राहकांसाठी काउंटर कर्मचाऱ्यांच्या सुट्टीच्या बराच आधी बंद होतो, कारण त्यानंतर रोख जुळवायची असते. सहाला निघायचं असेल तर आपला काउंटरही पाचला बंद हवा: पाचनंतर आलेलं काम आवकमध्ये नोंदवायचं, हातात मात्र उद्या घ्यायचं.