पॅराशूट उतरलं तर हात लावू नका

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अधूनमधून एक वेगळीच सूचना लागते. घरपट्टीची थकबाकी आणि रेशनची तारीख यांच्या मधोमध. हैदराबादहून संशोधनासाठी मोठे फुगे सोडणार आहेत, त्यांची उपकरणं रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतील, कुणाच्या वावरात उतरलीच तर हात लावू नका, उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, पोलिसांना कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस. शेवटचं वाक्य तेवढं गावाच्या लक्षात राहतं.

हैदराबाद आमच्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची फुगे सोडण्याची सोय १९६९पासून चालू आहे. जमिनीवर हा फुगा पाहिला तर कुणी फुगा म्हणणार नाही. वरच्या टोकाला हायड्रोजनचा जेमतेम एक गोळा, खाली प्लास्टिकचा लांबच लांब लोंबता पदर. मुद्दामच अर्धवट भरतात. चाळीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी असतो, त्यामुळे तोच गोळा फुगत फुगत अख्खा पदर भरून टाकतो. इतक्या वर विमान जात नाही आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाही. मधल्या या पट्ट्यात ताटकळत राहून मोजमाप करायचं तर फुग्यासारखं साधन नाही.

इतक्या उंचावरच्या हवेत जिवाणू आहेत का ते पाहायला २० एप्रिल २००५ रोजी इथूनच एक फुगा गेला. पूर्ण फुगल्यावर साडेसात लाख घनमीटरचा, खाली ४५९ किलोचं सामान, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. त्या निऑनमध्ये पोलादाच्या सोळा नळ्या बुडवलेल्या होत्या, आतून निर्जंतुक आणि हवा पूर्ण काढून घेतलेल्या. उणे अडीचशे अंशांच्या आसपासचा हा थंडावा कशाला? नळीचं तोंड उघडलं की बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि थंड भिंतीवर गोठून बसते. आतली पोकळी तशीच राहते, म्हणून आणखी हवा ओढली जाते. जेवून उठलं तरी पोट रिकामंच, असा प्रकार. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा अशी बाटलीबंद होऊन पॅराशूटने खाली आली. जयंत नारळीकर या प्रयोगाचे मुख्य सूत्रधार होते. नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले आणि २००९ साली जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्या पृथ्वीबाहेरून आल्या असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. व्हॉट्सॲपवर अजून फिरतं, म्हणून सांगून ठेवलं.

पण मला जास्त जवळची वाटते ती दुसरी गोष्ट, कारण तिचं एक टोक आमच्या वावरात आहे.

अमेरिका आणि फ्रान्सने मिळून २००६ साली कॅलिप्सो नावाचा उपग्रह सोडला. लेसरचा झोत खाली टाकायचा आणि हवेतले कण त्यातला किती उजेड परत फेकतात ते मोजायचं, हे त्याचं काम होतं. त्याच्या नोंदी चाळताना जाँ-पॉल व्हर्निये आणि सहकाऱ्यांना दिसलं, की पावसाळ्यात आशियावर साधारण तेरा ते अठरा किलोमीटर उंचीवर बारीक कणांचा एक थर पसरतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकापासून पार पश्चिम चीनपर्यंत. पावसाळा सरला की विरून जातो. २०११ साली हे छापून आलं आणि पुढचा प्रश्न उभा राहिला: कण कशाचे? ते उपग्रहाला वरून नीट सांगता येत नव्हतं. थरात शिरणं भाग होतं.

तेव्हा कामाला आली ती हैदराबादची सोय. २०१४पासून नासा आणि इस्रो यांनी मिळून पावसाळ्यात फुगे सोडले, हैदराबादबरोबर तिरुपतीजवळच्या गादंकीहून आणि वाराणसीहूनही. कणांमध्ये नायट्रेट सापडलं. मग २०१७च्या जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या संशोधकांनी काठमांडूत तळ ठोकला. विमान रशियाचं, मूळ सोव्हिएत लष्करासाठी घडवलेलं जिओफिजिका, वीस किलोमीटरपर्यंत चढणारं. आतली उपकरणं युरोपातल्या संस्थांची आणि उड्डाणं नेपाळ, भारत, बांगलादेशाच्या आकाशात. यातल्या कुठल्या एका देशाला हे सगळं एकट्याने जमलं असतं, असं मला वाटत नाही. विमान आहे तर मान्सून नाही, मान्सून आहे तर विमान नाही.

२०१९ साली उत्तर आलं: थरातले बरेच कण अमोनियम नायट्रेटचे. त्यातला अमोनिया खालून जातो, शेतीतून आणि जनावरांच्या गोठ्यातून.

सकाळी गोठा झाडताना जो वास डोळ्यांत झोंबतो तो अमोनियाच. पऱ्हाटीला युरिया दिला, माती नुसती ओलसर आहे आणि पावसाने दडी मारली, की मातीतलं एक विकर युरियाचा अमोनिया करतं आणि उघड्यावर पडलेल्या दाण्यातला बराच नत्र उडून जातो. म्हणून तर जाणते शेतकरी खत दिलं की लगेच डवरणी करून मातीआड करतात. उडालेला अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे पावसाबरोबर बहुतेक खालीच यायला हवा. तरी मान्सूनचे ढग पंधरा किलोमीटरच्या वर डोकं काढतात आणि त्यांच्यातून थोडा निसटून वर पोचतोच. वर विजांच्या कडकडाटामुळे हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार झालेलं असतं. अमोनिया त्याला जाऊन मिळतो.

मिळतो हे ठीक, पण मुळात पहिला कण जन्मतो कसा? हे आभाळात पाहता येत नाही, कारण तिथे एका वेळी शंभर गोष्टी चालू असतात. त्यासाठी जिनेव्याला सर्न या युरोपच्या अणुकण संशोधन संस्थेत जावं लागतं. भारत त्या संस्थेचा २०१७पासून सहयोगी सदस्य आहे. तिथे पोलादाची एक टाकी आहे, व्यास तीन मीटर, आत सव्वीस घनमीटर हवा. आमच्या नळयोजनेची टाकी यापेक्षा मोठी आहे, पण ही आतून इतकी स्वच्छ ठेवतात की कुठली वाफ किती हे अब्जावधीत एका रेणूच्या हिशेबाने मोजता यावं. बाजूच्या यंत्रातून पायॉन नावाच्या कणांचा झोत सोडून अवकाशातून येणाऱ्या किरणांची नक्कलही करतात. या टाकीत उणे पन्नास अंशांना तीन वाफा एकत्र केल्या: नायट्रिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनिया. कोणत्याही दोघांपेक्षा तिघं मिळून कितीतरी पट वेगाने कण बनवतात, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं. शिवाय त्या कणांवर बर्फाचे स्फटिकही धरतात, म्हणजे उंचावरच्या ढगांशी त्यांचा संबंध येतो.

अशा टाक्या, डोंगरावरच्या वेधशाळा, विमानं प्रत्येक विद्यापीठाने बांधावीत हे शक्य नाही आणि गरजेचंही नाही. आमच्याकडे गावात मळणीयंत्र एकाचं असतं आणि पाळी लावून सगळ्यांची तूर निघते, तसाच व्यवहार. युरोपने वातावरणासाठीच्या अशा सोयींची एक मोट बांधली आहे, ॲक्ट्रिस नावाची. २०२३ साली तिला कायदेशीर संस्थेचं रूप मिळालं आणि मुख्यालय हेलसिंकीला. संशोधकाने अर्ज करायचा, कल्पना पटली तर उपकरण वापरायला मिळतं. भोपाळजवळ सिहोर जिल्ह्यात सिलखेड्याला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०२४ साली असंच मोठं निरीक्षण केंद्र सुरू केलं. तिथला मान्सून आणि आमचा मान्सून एकाच पट्ट्यातला. विदर्भातल्या विद्यापीठांतल्या पोरांनी तिथवर धडकायला हरकत नाही. नागपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं.

हे सगळं मी एकदा धुऱ्यावर बसून शेजारच्या काकांना सांगितलं. ते युरियाची बोरी सोडत होते, पंचेचाळीस किलोची, छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माह्या वावरातला युरिया आभायात जाते?"

"थोडा जातो, काका."

"अन् थो पाहाले लोकं इमान घेऊन येते?"

"हो."

"मंग बक्षीस मले द्या म्हना त्यायले. माल त माह्याच आहे."