बाईंच्या डोक्यात जागा किती?

जून आला की पुण्यात शिक्षक प्रशिक्षणाच्या बातम्या येतात आणि दिवाळीपर्यंत ‘शिक्षक बदलायलाच तयार नाहीत’ ही तक्रार. 2021च्या जुलैत केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 2026-27चं उद्दिष्ट. त्याही वेळी हेच ऐकलं. मला ही तक्रार निम्मीच खरी वाटते.

पहिलीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. बाई वीस वर्षं ‘आधी मुळाक्षरं, मग बाराखडी’ असं शिकवत आल्यात. आता अक्षरगट आले: मोजकी अक्षरं, एक काना आणि लगेच शब्द, काका, मामा, काम. मुलाला सोपं. पण बाईंना? फळ्यावरचा शब्द झालेल्या अक्षरांतलाच आहे ना? ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर, यात कोण अडलं? मागचा पोरगा खिडकीत का चढलाय?

हे सगळं एकाच वेळी कार्यरत स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात धरणाऱ्या जागेत, धरायचं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956मध्ये तिची मर्यादा साधारण सात घटकांची सांगितली होती; 2001मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारावर आणली. उलट मुरलेली पद्धत या चारांत जागाच मागत नाही. मेंदूच्या कपाळामागच्या बाहेरच्या थराकडून (प्रमस्तिष्क बाह्यक) काम मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाच्या सवय-मंडलांकडे गेलेलं असतं. वर्गात गोंधळ वाढला, चारही जागा भरल्या, की सवय ताबा घेते आणि तोंडातून आपोआप ‘क, का, कि, की’ सुरू होतं. याला आळस कसं म्हणायचं?

 

शिक्षक प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980च्या दशकात दाखवलं, की नुसत्या प्रशिक्षणातलं वर्गात फारसं उतरत नाही. वर्गातच कुणी सोबत राहिलं तर उतरतं. इथे मुख्याध्यापक लागतात. पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं बाईंसोबत बसायच्या तासापुरतं दुसऱ्याकडे द्यायचं. एखादा तास स्वतः घ्यायचा, चुकला तरी बाईंसमोरच.

आणि पाठ निरीक्षणात दहा चुका टिपायच्या नाहीत. माझ्या माहितीतल्या एका मुख्याध्यापिकेने लॉगबुकात एकच ओळ लिहिली होती: ‘या आठवड्यात फक्त वेलांटी पाहू. बुधवारी मी मागे बसते.’