डिजिटल फोटोतलं अंतर सॉफ्टवेअरने मोजणं

मायक्रोस्कोपच्या फोटोतल्या दोन पेशी एकमेकींपासून किती लांब आहेत हे हाताने न मोजता सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायची ही पद्धत. लॅबमध्ये यासाठी बहुतेक वेळा इमेजजे (ImageJ) नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये आणलेलं, जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आणि चक्क फुकट.

कॉम्प्युटरला पेशी वगैरे काही दिसत नाही, ८ बिटचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर त्याच्यासाठी ते ० ते २५५ मधले आकडे, बस्स. म्हणून आधी कुठला पिक्सेल पेशीचा आणि कुठला बॅकग्राउंडचा ते ठरवायचं, हे थ्रेशोल्डिंग, आणि कट कुठे मारायचा हे हिस्टोग्रामवरून (कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) आपोआप काढणारी ओत्सु यांची १९७९ ची पद्धत आजही सर्रास चालते. पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर वॉटरशेड या पद्धतीने, म्हणजे चिकटलेल्या ठिपक्यांमध्ये सीमारेषा आखून, वेगळ्या करायच्या. मग प्रत्येक ठिपक्याचा मध्य काढायचा आणि पुढे शाळेतला पायथागोरस: आडवा फरक ३० पिक्सेल, उभा ४०, तर अंतर ५० पिक्सेल.

पण ५० पिक्सेल म्हणजे किती? खरी मेख इथेच आहे. त्याच लेन्सखाली स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे १ मिमीचे १०० भाग कोरलेली काचपट्टी, ठेवून फोटो काढायचा, त्यात १०० मायक्रोमीटरला (एक मायक्रोमीटर म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ५०० पिक्सेल लागले तर एक पिक्सेल ०.२ मायक्रोमीटरचा, आणि आपलं अंतर १० मायक्रोमीटर. हे इमेजजेच्या ‘सेट स्केल’ या पर्यायात एकदा भरलं की झालं, मात्र लेन्स बदलली की परत करायचं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवला तर तोही कमी पिक्सेलचा होऊन येऊ शकतो, मग जुनं स्केल कामाचं नाही, सॉफ्टवेअर मात्र चुकीचा आकडाही तीन दशांश स्थळांपर्यंत बिनधास्त देतं.

अंतर कुठून कुठपर्यंत तेही आधी ठरवावं लागतं. ८ मायक्रोमीटरच्या दोन गोल तांबड्या पेशी शेजारी टेकून असल्या तर मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ८, कडेपासून कडेपर्यंत शून्य, दोन्ही बरोबरच. आणि साध्या लाइट मायक्रोस्कोपला साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसतात, तिथे नुसता फोटो झूम करून काही हाती लागत नाही.