कथक कुठलं, भरतनाट्यम कुठलं?

आमच्या खान्देशात भरत म्हटलं की आधी वांगं आठवतं, त्यामुळे नाचाच्या नावात थोडा गोंधळ होणारच. गॅदरिंगला एखादी पोरगी घुंगरू बांधून स्टेजवर आली की मागच्या रांगेत 'भरतनाट्यम शे' असा निकाल लागलेला असतो. निम्म्या वेळा ते कथक असतं.

ओळखायचं तर घुंगरांकडे नाही, गुडघ्यांकडे बघा. भरतनाट्यमची मुलगी अरमंडीत असते: टाचा जवळ, पावलं बाहेर वळलेली, गुडघे दोन्ही बाजूंना वाकवून अर्धं खाली, पाठ मात्र ताठ. नव्या पोरी कित्येक महिने एवढंच घोटतात आणि घरी जिना उतरताना मांड्या धरून उतरतात. कथकमध्ये गुडघे सरळ. तत्कार, म्हणजे तालावरचं पायकाम, उभ्यानं, चकराही उभ्यानं. घुंगरूही वेगळे. कथकचे दोरीत ओवून पायाला गुंडाळतात, एकेका पायात शंभर-दीडशे; भरतनाट्यमचे पट्ट्यावर शिवलेले आणि संख्येनं कमी. (वजनाचं कौतुक आम्हाला सांगू नका. सातपुड्यातल्या होळीत बुध्या झालेले आदिवासी नाचे कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून रात्रभर नाचतात.)

कथकमध्ये नर्तकी मध्येच थांबते, हातावर टाळी देत स्वतः बोल (तालाची अक्षरं) म्हणते आणि मग तेच पायातून काढून दाखवते. याला पढंत म्हणतात. तिहाई, म्हणजे तोच तुकडा, तीनदा फिरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आदळली की ताल न कळणाऱ्या आजोबांचीही मान हलते. भरतनाट्यममध्ये बोल म्हणायचे ते नाच चालवणाऱ्या गुरूनं, म्हणजे नट्टुवनारनं, हातातल्या छोट्या टाळांवर. साथीला मृदंगम, गाणं कर्नाटक पद्धतीचं, शब्द बहुधा तमिळ किंवा तेलुगू.

इथेच लोक फसतात. कथकची ठुमरी आपल्याला निदान अर्धी कळते, म्हणून ते जवळचं वाटतं. भरतनाट्यम म्हणजे मद्रासकडचं काहीतरी. पण कथक वाढलं लखनऊ, जयपूर, बनारसला. भरतनाट्यमची आजची घडी बसली ती तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात. व्यंकोजींपासून 1855 पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजींच्या काळात (1798 ते 1832) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी कार्यक्रमाचा सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा क्रम बांधला. आजही अरंगेत्रम, म्हणजे शिष्येचा पहिला जाहीर कार्यक्रम, त्याच वाटेनं जातं. त्या दरबारात नाचासाठी मराठीतून निरूपणंही लिहिली गेली. भरतनाट्यम हे नाव तेव्हा नव्हतं. ते रुळलं 1930 च्या दशकात. त्याआधी लोक सदिर म्हणत.

पुढची गोष्ट तर आपल्या वेशीवरची. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. 1880 मध्ये त्याचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले, आणि दरबारी नोकरीत राहिले. म्हणजे तमिळ मुलखातला हा नाच गुजरातेत पोचला तो मराठी लग्नाच्या वऱ्हाडातून, आणि नवरदेव मालेगावकडचा.

मध्यंतरी एका क्लासमध्ये तमिळ पदम, म्हणजे अभिनयाचं गाणं, चाललं होतं. बाई अर्थ मराठीत सांगत होत्या, मुली हात बसवत होत्या. दाराशी नातीला न्यायला आलेल्या आजी चपलेत पाय घालता घालता थांबल्या. नातीनं दोन्ही हात उजव्या खांद्याकडे नेले, बोटं बासरीवर ठेवल्यासारखी हलवली, मान जराशी कलली. हा हात कथकमध्येही जवळपास असाच होतो.

'किसन शे ना हाऊ?' आजींनी शेजारणीला विचारलं.