काळी वायर आधी का? गाडीची बॅटरी सोडताना आणि जोडताना

‘काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी.’ गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या पोरालाही हे पाठ असतं. त्यामागचं कारण मात्र कोणी सांगत नाही, आणि कारण ठाऊक नसलं की घाईगडबडीत क्रम हमखास उलटा होतो.

आजच्या छोट्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची जाड काळी वायर थेट बॉडीला आणि इंजिनाला बोल्टने आवळलेली असते. म्हणजे बॉनेटखालचं जवळपास प्रत्येक उघडं लोखंड हे बॅटरीचं निगेटिव्ह टोकच झालं. अशा वेळी लाल, म्हणजे पॉझिटिव्ह बाजूचा नट आधी सोडायला घेतला आणि पाना फिरता फिरता शेजारच्या पत्र्याला टेकला, तर सर्किट पान्यातूनच पूर्ण होतं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. कोरड्या कातडीचा रोध भरपूर असतो, त्यामुळे शॉक बसत नाही हे खरंच आहे. पोलादी पान्याचा रोध मात्र नसल्यातच जमा. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहमच्या आसपास असतो, १२.६ व्होल्टला त्याने भागलं तर प्रवाह हजार अँपिअरच्या वर जातो. घरातल्या गीझरचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं, यावरून अंदाज यावा. पाना जागच्या जागी वेल्ड होऊ शकतो. बोटातली अंगठी मध्ये सापडली तर ती क्षणात तापते आणि काढेपर्यंत बोट खोलवर भाजलेलं असतं. म्हणून अंगठी, कडं, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी उतरवून ठेवायचं.

काळी आधी सोडताना पाना बॉडीला लागला तरी दोन्हीकडे निगेटिव्हच, काही घडत नाही. ती सुटली की बॉडीचा बॅटरीशी संबंधच तुटतो. मग लाल बाजूला पाना पत्र्यावर आपटला तरी चालतं. फक्त बॅटरीच्या दोन्ही खांबांवर, म्हणजे वायर जिथे बसते त्या टोकांवर, तो एकदम आडवा पडता कामा नये. खरा नियम रंगाचा नाहीच: बॉडीला जोडलेलं टोक आधी सुटतं आणि शेवटी जोडलं जातं. जुन्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. तशी गाडी हाताशी आली तर तिथे लाल आधी.

पाना हातात घेण्याआधी इंजिन बंद, किल्ली बाहेर, दिवे आणि पंखा बंद. किल्ली खिशात ठेवायची, सीटवर नाही. काही गाड्यांचं सेंट्रल लॉक वीज जाता-येताना आपलं आपण लागतं. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो शोधून ठेवावा. मग पाच-दहा मिनिटं थांबावं. किल्ली काढल्यावरही गाडीचे कंट्रोलर थोडा वेळ जागे असतात, काही तेव्हाच आपली माहिती साठवत असतात. स्टिअरिंग किंवा एअरबॅगजवळ काम असेल तर बॅटरी सोडल्यानंतरही थांबणं भाग आहे, कारण एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. किती वेळ, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

‘अल्टरनेटर’, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं जनित्र, ‘चालतोय का’ हे बघायला चालू इंजिनावर वायर उपटून बघण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. ती सोडावी. बॅटरी वाढीव व्होल्टेज पोटात घेत असते. भरपूर चार्जिंग चालू असताना ती अचानक बाजूला काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं. बंदोबस्त नसेल तर थेट १०० व्होल्टच्या आसपास. जुन्या गाडीत बल्ब गेले असते. आता कंट्रोल युनिट जातं, आणि त्याच्या किमतीत दोन-तीन बॅटऱ्या येतात.

बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. नट सैल झाला की क्लॅम्प, म्हणजे खांबाला धरणारी वायरीची पकड, डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत वर काढायचा. निघत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, ठोकायचं तर नाहीच. खांब शिशाचा असतो, शिसं मऊ. खांब मुळाशी हलला की आतल्या प्लेटशी असलेला जोड तुटतो किंवा ॲसिड झिरपायला लागतं. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली, तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे. स्टार्ट-स्टॉप गाड्यांत तो असतोच. त्याला धरून ओढू नये. सुटलेली काळी वायर फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवावी. ताठ वायर उसळी मारून परत खांबाला टेकते. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. त्यामुळे बॉनेट उघडून थोडी हवा खेळू द्यावी, आणि चार्जर लावलेला असेल तर आधी त्याचा स्विच बंद करून मगच चिमटे काढावेत.

खांबावर पांढरट-निळसर बुरा साचलेला दिसतो. पांढरा तो लेड सल्फेट, निळा-हिरवा तो तांब्याच्या वायरीचा कॉपर सल्फेट. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं की फसफसून निघतो. वरची झाकणं घट्ट हवीत, सोडा सेलमध्ये उतरला तर आतलं ॲसिडच मारतो. कोल्ड्रिंक ओतण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण मागे साखरेचा चिकटा राहतो; सोडा स्वस्त आणि बरा. हातमोजे आणि चष्मा असावा. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान १५ मिनिटं नुसत्या पाण्याने धुऊन डॉक्टर गाठायचा.

हा बुरा दिसायला किरकोळ, पण सेल्फ मारताना १०० ते १५० अँपिअर त्यातून जायचे असतात. सांध्यात ०.०१ ओहम जरी वाढला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि सेल्फ नुसता टकटक करतो. चांगली बॅटरी बदलून येणारे कितीतरी लोक असतात, दोष क्लॅम्पचा असतो.

जोडताना आधी बॅटरी बैठकीत बसवून पट्टी आवळायची. सैल बॅटरी खड्ड्यांत हादरून आतून झडते. नवी बॅटरी असेल तर तिच्यावर छापलेल्या कोडच्या शेवटचं अक्षर जुन्याशी ताडून बघावं. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर आकाराने सारख्या, पण खांबांच्या जागा उलट. पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो, त्यामुळे क्लॅम्प नीट बसत नसेल तर जबरदस्ती करण्याआधी खुणा पुन्हा वाचायच्या. उलटी जोडली तर अल्टरनेटरच्या डायोडमधून प्रचंड प्रवाह जातो. नशीब असेल तर मेन फ्यूज उडून भागतं. मग लाल, शेवटी काळी. काळी टेकताना बारीकशी ठिणगी पडते, कपॅसिटर भरत असतात, ते ठीक. ठिणगी मोठी असेल तर थांबून काय चालू राहिलंय ते शोधावं. क्लॅम्प हाताने फिरत नाही इतपतच आवळायचा आणि व्हॅसलिन त्यानंतर वरून लावायचं.

गाडी सुरू केल्यावर आयडलिंग थोडं वर-खाली होईल. एसी बंद ठेवून दहा मिनिटं तशीच चालू द्यावी. एका दाबात वर जाणारी काच अडली तर ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. मल्टिमीटर असेल तर चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, रात्रभर उभ्या गाडीत १२.६. सकाळी १२.२ दिसत असतील तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे.

आठवडाभर गावी जायचं तर हे सगळं करायची गरज नाही. महिनाभर जायचं तर हिशोब बघा. गाडी नुसती उभी असताना समजा ३० मिलिअँपिअर घेते, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, ३० दिवसांत २१.६. बॅटरी ३५ची. शिवाय तिची स्वतःची गळती वेगळी, उन्हाळ्यात जास्तच. इतकी उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं. तेव्हा काळी सोडून जावं. पण मग रिमोट चालणार नाही, आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो. रिमोटमधली लोखंडी किल्ली ड्रायव्हरच्या दारात नीट फिरते का, ते बॅटरी सोडण्याआधी दार उघडं ठेवून बघून घ्यावं.